अल्लाबंद ते किल्लारी

कच्छच्या रणात सिंद्री नावाचे एक लहानसे ठाणे होते. सिंधू नदीच्या पूर्वेकडील एका फाट्याच्या काठी, व्यापारी मालाच्या संरक्षणासाठी कच्छ दरबाराने तेथे एक किल्ला बांधला होता. १८१९ सालच्या जून महिन्याच्या १६ तारखेला संध्याकाळी भूकंपाचा प्रचंड धक्का बसला, सभोवारची जमीन खचली आणि पाण्याचा लोंढा आत शिरून किल्ल्याभोवती सरोवर झाले. ठाण्यातील माणसे एका बुरुजाच्या आश्रयाने जीव मुठीत धरून राहिली. दुसऱ्या दिवशी होड्यांतून त्यांची सुटका झाली. पण त्यांना दिसलेला खरा चमत्कार पाण्याचा नव्हता. किल्ल्याच्या उत्तरेस काही कोसांवर, जेथे आदल्या दिवसापर्यंत सपाट खारे मैदान होते, तेथे क्षितिजाच्या कडेने एक लांबलचक उंचवटा उभा राहिला होता. हा उंचवटा सुमारे ८० किलोमीटर लांबीचा भरला आणि काही ठिकाणी त्याची उंची सहा मीटरांपर्यंत होती.

ह्या उंचवट्याला लोकांनी नाव दिले ‘अल्लाबंद’. ह्या नावामागे एक जुने दुखणे होते. अठराव्या शतकात सिंधचा अमीर गुलामशाह कल्होरा ह्याने कच्छशी वैर धरून नदीवर बांध घातला होता आणि कच्छच्या भातशेतीचे पाणी तोडले होते. तो बांध माणसाचा. हा मात्र कोणाही माणसाने न घातलेला, एका संध्याकाळी उभा राहिलेला. म्हणून तो अल्लाचा बंद. १८२६ साली सिंधूला आलेल्या महापुराने हा बंद एका ठिकाणी फोडून नदीला वाट करून दिली. पुढे कंपनी सरकारचा अधिकारी अलेक्झांडर बर्न्स ह्याने तेथे जाऊन जागा पाहिली, आणि त्याच्या टिपणांवरून चार्ल्स लायेल ह्या विख्यात भूशास्त्रज्ञाने आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ ह्या ग्रंथात अल्लाबंदाची हकीकत घातली. भूकंपाच्या वेळी जमीन एका रेषेत तुटून वर उचलली जाते, ह्याचा इतका स्वच्छ पुरावा जगात त्यापूर्वी क्वचितच नोंदला गेला होता. त्याच धक्क्याने अहमदाबादच्या जामा मशिदीचे झुलते मनोरे पडले आणि भुजेत शेकडो माणसे मेली.

पुरावा हाती आला, तरी त्याचा अर्थ लागण्यास पाऊणशे वर्षे जावी लागली. जमीन फाटली म्हणून धरणी हादरली, की धरणी हादरली म्हणून जमीन फाटली? त्या काळच्या युरोपातील पंडितांचा कल दुसऱ्या उत्तराकडे होता. भूगर्भात वाफेचा किंवा वितळलेल्या रसाचा स्फोट होतो, त्याने भूकंप होतो आणि भेगा हा त्याचा परिणाम, असे ते समजत. आपल्याकडे वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त आपल्या पूर्वसूरींची मते नोंदवली आहेत: कोणी म्हणे पाण्यात राहणारे महाप्राणी हलतात, कोणी म्हणे पृथ्वीचा भार वाहून दमलेले दिग्गज उसासा टाकतात, कोणी म्हणे वारे एकमेकांवर आदळतात. वाफेचा सिद्धान्त ह्या मतांच्या मानाने फार पुढे गेलेला होता, असे म्हणणे कठीण आहे. वराहमिहिराने निदान सर्वांची मते एकत्र मांडण्याचा प्रामाणिकपणा दाखवला.

मतांचा हा काळ संपून मोजमापांचा काळ सुरू झाला, त्यात हिंदुस्थानचा वाटा मोठा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डहॅम ह्यांनी हिंदुस्थानात प्राचीन काळापासून १८६९ सालापर्यंत झालेल्या भूकंपांची यादी जमवली. ती त्यांचे चिरंजीव रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम ह्यांनी १८८३ साली प्रसिद्ध केली. पुढे त्याच पुत्राच्या वाट्याला असा एक भूकंप आला की, त्याच्या वर्णनाने भूकंपशास्त्राचा पायाच बदलला. १८९७ च्या जून महिन्याच्या १२ तारखेला सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास आसामात झालेल्या ह्या भूकंपाने शिलाँग शहरातील दगडी इमारती भुईसपाट केल्या. गुवाहाटीपासून सिलहटपर्यंत सर्वत्र हाहाकार उडाला. माणसे त्या वेळी बहुधा घराबाहेर होती, म्हणून मृतांची संख्या दीड हजारांच्या आसपास राहिली. हाच धक्का मध्यरात्री बसता, तर काय झाले असते ह्याची कल्पनाही करवत नाही.

ओल्डहॅम ह्यांनी ह्या प्रदेशात हिंडून १८९९ साली जो अहवाल लिहिला, तो आजही वाचण्यासारखा आहे. जमिनीत रुतलेले दगड उसळून बाहेर फेकले गेले होते. म्हणजे धक्क्याचा वेग काही ठिकाणी गुरुत्वाकर्षणालाही भारी पडला होता. गारो टेकड्यांच्या भागातील चेडरांग नदीच्या खोऱ्यात जमीन एका रेषेत तुटली होती आणि एक बाजू दुसरीपेक्षा ३५ फुटांपर्यंत वर गेली होती. नदी ह्या रेषेला जेथे जेथे छेदत होती, तेथे कोठे नवा धबधबा, तर कोठे नवे तळे झाले होते. दूरदेशीच्या यंत्रांवर उमटलेल्या भूकंपाच्या नोंदींवरून पुढे त्यांनी कंपलहरींचे तीन निरनिराळे प्रकार ओळखले. भूकंपानंतर सर्वेक्षण खात्याने खुणेच्या दगडांची अंतरे पुन्हा मोजली, तेव्हा ती बदललेली आढळली. हे आकडे दप्तरात पडून राहिले. शंभर वर्षे उलटल्यावर, २००१ साली, काही संशोधकांनी तेच आकडे बाहेर काढून शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखाली दडलेल्या एका मोठ्या प्रस्तरभंगाचा माग लावला आणि त्याला ओल्डहॅम ह्यांचेच नाव दिले. त्यांच्या निष्कर्षाबद्दल मतभेद आहेत. पण एखाद्या सरकारी खात्याची रुक्ष नोंदवही शतकानंतर अशी उपयोगी पडावी, ह्यात कारकुनी कामाची हेटाळणी करणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखे बरेच आहे.

कार्य कोणते आणि कारण कोणते, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र जपानातून आणि अमेरिकेतून आले. १८९१ साली जपानच्या मिनो-ओवारी प्रांतांत झालेल्या भूकंपात नेओ खोऱ्यातील मिदोरी गावी शेताच्या मधोमध सहा मीटर उंचीची पायरी उभी राहिली. बुंजिरो कोटो ह्या भूशास्त्रज्ञाने ती पाहून निर्भीडपणे सांगितले की, ही तुटलेली रेषा हेच भूकंपाचे कारण होय. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला, तेव्हा शेतांच्या कुंपणांचे दोन तुकडे होऊन ते एकमेकांपासून काही मीटर बाजूला सरकलेले दिसले. त्या प्रदेशाची मोजणी पूर्वी दोनदा झालेली होती. भूकंपानंतरच्या मोजणीशी ती ताडून पाहता हॅरी फील्डिंग रीड ह्या प्राध्यापकांच्या ध्यानात आले की, प्रस्तरभंगापासून दूरची जमीन भूकंपापूर्वी कित्येक वर्षे हळूहळू सरकत होती. फक्त भंगाच्या कडा एकमेकींत अडकून बसल्या होत्या.

रीड ह्यांचा सिद्धान्त समजण्यास घरातील एक अनुभव पुरेसा आहे. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते. त्यावर जोर लावला, तर फळी किंचित वाकते, पण दार जागचे हलत नाही. आणि मग एकाएकी धाडकन उघडते. भूपृष्ठाचे मोठमोठे पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर ह्या गतीने सरकत असतात. त्यांच्या कडांशी किंवा पोटात जेथे जुनी तूट असते, तेथे घर्षणामुळे खडक अडकतात, वाकतात आणि वाकण्यात शक्ती साठवतात. हा ताण घर्षणाला डोईजड झाला की, तूट एका बिंदूपाशी सुटते. तेथून ती सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने पुढे सुटत जाते, आणि शतकांचा साठा काही सेकंदांत कंपनांच्या रूपाने मोकळा होतो. तूट जितकी लांब सुटेल तितका भूकंप मोठा. दहा-पंधरा किलोमीटर सुटली, तर रिश्टर मापाने सहाच्या आसपासचा धक्का बसतो. आठाच्या वरचा भूकंप व्हावयास शेकडो किलोमीटर लांबीची तूट सुटावी लागते. मापावर एक अंक वाढला की, बाहेर पडणारी शक्ती सुमारे ३२ पटींनी वाढते.

पृथ्वीवर अशा तुटी असंख्य आहेत आणि त्यांपैकी बहुतेक मेलेल्या आहेत. ज्या तुटीवर गेल्या दहा-बारा हजार वर्षांत जमीन सरकल्याचा पुरावा मिळतो, तिला साधारणपणे जागृत प्रस्तरभंग म्हणतात. ही मुदत माणसाच्या इतिहासाच्या मानाने फार मोठी आहे. सगळ्या अडचणीचे मूळ येथेच आहे.

कारण, कोठे किती धोका आहे हे ठरवण्याची वेळ आली, तेव्हा प्रथम हाताशी होता तो माणसाचा इतिहासच. ह्या कामाचा आरंभ बलुचिस्तानात एका तरुण रेल्वे इंजिनिअराने केला, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. १९३१ साली त्या प्रांतात माच येथे भूकंप झाल्यावर एस. एल. कुमार ह्यांच्याकडे क्वेट्टा येथे रेल्वे नोकरांसाठी भूकंपात टिकतील अशी घरे बांधण्याचे काम आले. त्यांनी जुन्या रुळांचा सांगाडा करून घरे उभारली आणि १९३३ साली एक निबंध लिहिला. त्यात देशाच्या निरनिराळ्या भागांतील धोक्याचा नकाशाही काढला. दोनच वर्षांनी, ३१ मे १९३५ च्या पहाटे, क्वेट्टा शहर उद्ध्वस्त झाले. तीस हजारांच्या आसपास माणसे ढिगाऱ्यांखाली गेली. कुमारांनी बांधलेली घरे उभी राहिली. एखाद्या लेखकाला आपल्या प्रतिपादनाचा असा निकाल इतक्या लवकर, आणि इतक्या भयंकर रीतीने, क्वचितच मिळाला असेल.

स्वातंत्र्यानंतर १९६२ साली भारतीय मानक संस्थेने इमारतींसाठी भूकंपविषयक मानक प्रसिद्ध केले व देशाची धोक्यानुसार वाटणी केली. हिमालय, ईशान्य भारत आणि कच्छ हे अर्थातच अतिधोक्याचे ठरले. कांगडा १९०५, बिहार १९३४, आसाम १९५० ह्या आठवणी ताज्याच होत्या. दख्खनचे पठार मात्र जवळजवळ निर्धोक मानले गेले. हा अतिप्राचीन, घट्ट, स्थिर भूभाग. येथे मोठा भूकंप झाल्याची नोंद नाही. तेव्हा येथे तो होणार नाही, असे ते तर्कशास्त्र होते. नोंद नसणे आणि घटना नसणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे साधे सत्य नकाशा काढणारांच्या नजरेतून निसटले.

त्याचे उत्तर पाच वर्षांतच मिळाले. साताऱ्याच्या डोंगरांत १०३ मीटर उंचीचे कोयना धरण बांधून शिवाजीसागरात पाणी साठू लागल्यावर त्या भागात लहान लहान धक्के बसू लागले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चारच्या पुढे ६.३ मापाचा भूकंप झाला आणि कोयनानगरची वसाहत कोसळली. १८० ते २०० माणसे मृत्यू पावली. धरणाला चिरा पडल्या, पण ते टिकले. पुढे ते मजबूत करण्यात आले. जलाशयाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपते, अडकलेल्या तुटीवरचे घर्षण कमी करते आणि आधीच ताणलेला खडक वेळेआधी सुटतो, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे बहुमान्य झाले. पाणी हे निमित्त. ताण मुळातच होता. १९७० साली नकाशा पुन्हा काढण्यात आला, देशाचे पाच विभाग झाले आणि कोयनेला चौथा, म्हणजे बऱ्याच धोक्याचा, विभाग मिळाला. परंतु बाकीचे पठार बहुतांशी पहिल्याच विभागात राहिले. कोयनेचा अपराध धरणावर टाकल्यामुळे पठार निर्दोष सुटले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या पहिल्या विभागातच लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरची किल्लारी, सास्तूर ही गावे होती. १९९३ साली गणपती विसर्जन करून लोक झोपी गेले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. धक्क्याचे माप ६.२ होते, जगाच्या हिशेबाने पाहता मध्यम प्रतीचे. मृत्यू मात्र आठ ते दहा हजारांच्या घरात गेले.

इतके मृत्यू का झाले, ह्याचे उत्तर घरांत होते. मराठवाड्यातील जुने माळवदाचे घर उन्हाळ्यासाठी बांधलेले असते. हाताला लागतील तसल्या काळ्या दगडांच्या, मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आणि वर लाकडाच्या तुळयांवर टाकलेला मातीचा जाड थर. वैशाखात असे घर गारवा देते. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती पडते, जुनी काढली जात नाही. पिढ्यान्पिढ्या छप्पर जड होत जाते. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना जोडणारे लांब आडवे दगड घातलेले नसले, तर हादऱ्यासरशी भिंत उभी फाटते आणि माळवद खाली येते. कित्येक घरांत लाकडी खांबांचे खण तसेच उभे राहिले आणि भिंतींनी माणसे मारली. हिमालयाच्या पायथ्याशी आणि आसामात भूकंपाच्या अनुभवाने लोकांनी हलकी, लाकडाची, बांबूची घरे बांधण्याची रीत पाडली आहे. मराठवाड्याला तो अनुभवच नव्हता, म्हणून तेथील गवंड्याला दोष देता येत नाही. त्याने उन्हाचा विचार केला, कारण ऊन दरवर्षी येत होते.

भूशास्त्रज्ञांनी मग किल्लारीजवळच्या शेतांत पाहिले, तेव्हा जमीन काही ठिकाणी हात-दीड हात वर उचललेली आढळली. विंधनविवर खणल्यावर दिसले की, तेथे काळ्या खडकाचा थर जेमतेम ३४० मीटर जाडीचा आहे आणि त्याखाली फार पुरातन ग्रॅनाइटी खडक आहे. तुटी त्या खालच्या खडकातल्या, वरच्या लाव्ह्याच्या पांघरुणाखाली झाकलेल्या. हिमालयात जो ताण काही शतकांत साठतो, तोच अशा जागी साठावयास हजारो वर्षे लागतात. म्हणजे एका तुटीवरच्या दोन भूकंपांमध्ये भाषा बदलतात, राज्ये बदलतात, लेखनकलाच जन्माला येते. बखरी, शिलालेख, लोककथा ह्यांपैकी कोणीही साक्ष देऊ शकत नाही. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ह्या भागात लहान धक्क्यांची माळ लागली होती. पण पहिल्या विभागातील धक्क्यांकडे पाहण्याची दृष्टी वेगळी असते. २००२ सालच्या मानकात तो पहिला विभागच रद्द करण्यात आला. देशात निर्धोक असा भाग नाही, ही कबुली कागदावर यावयास किल्लारी घडावी लागली. दरम्यान बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली होती.

ह्या हकीकतीची दुसरी बाजू भुजेने दाखवली. कच्छ पूर्वीपासूनच सर्वांत धोक्याच्या पाचव्या विभागात होता. नकाशा अगदी बरोबर होता. तरीही २६ जानेवारी २००१ च्या सकाळी ७.७ मापाच्या भूकंपाने तेथे हजारो माणसे मारली, आणि दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक मजल्यांच्या नव्या इमारती कोसळल्या. साबरमतीच्या गाळाच्या जमिनीत कंपने वाढली. तळमजला मोटारींसाठी नुसत्या खांबांवर मोकळा ठेवलेला, त्यामुळे वरचा सारा भार त्या खांबांवर पडला. मानक होते, पण ते पाळलेच पाहिजे असा दंडक नव्हता. कायद्याच्या पुस्तकात ‘शिफारस’ ह्या शब्दाइतका निरुपद्रवी शब्द दुसरा नसेल. शिवाय ही तूट जमिनीवर आलीच नाही. वीसेक किलोमीटर खोलीवर सुटून ती आतच राहिली. १८१९ च्या भूकंपाने निदान अल्लाबंद मागे ठेवला होता. २००१ ने डोळ्यांना दिसेल अशी तूट ठेवली नाही.

तेव्हा जेथे इतिहास मुका आहे तेथे जमिनीलाच विचारणे भाग पडते, आणि गेल्या काही दशकांत ही विद्या पुष्कळ पुढे गेली आहे. तुटीच्या रेषेवर आडवा चर खणतात. चराच्या भिंतीत मातीचे थर एकावर एक दिसतात. कोणता थर तुटला आहे आणि कोणता तुटीवरून अखंड गेला आहे, हे पाहून त्यांतील कोळशाच्या कणांचे वय काढले की, भूकंप केव्हा झाला ते ठरते. नेपाळात ह्या पद्धतीला फार सुंदर यश आले. १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात जमीन कोठे तुटली, हे त्या वेळी कोणालाच सापडले नव्हते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पूर्व नेपाळच्या पायथ्याशी ती रेषा दाखवून दिली, आणि त्याच जागी तिच्याखाली आणखी एक जुनी तूट निघाली. काठमांडूच्या वंशावळी सांगतात की, १२५५ साली भूकंपात राजा अभय मल्ल मृत्यू पावला आणि प्रजेचा तिसरा हिस्सा नष्ट झाला. चरातील तूट त्या वर्षाशी जुळते. बखरीतील एक ओळ आणि मातीतील एक रेषा ह्यांनी अशी परस्परांना साक्ष दिली.

ह्याच्या जोडीला उपग्रहांच्या साहाय्याने जमिनीची हालचाल मोजतात. हिमालयाच्या दोन्ही अंगांच्या दरम्यान जमीन वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर आखडते आहे. म्हणजे जेथे तीनशे वर्षांत मोठा भूकंप झालेला नाही, तेथे सहा मीटरांची सरक साठून आहे. ती कधी सुटेल, हे कोणीही सांगू शकत नाही. सांगता येते ती फक्त संभाव्यता. १९६८ साली कॉर्नेल ह्या अमेरिकन इंजिनिअराने तिचे गणित मांडले: आसपासच्या प्रत्येक तुटीची लांबी, तिच्यावर किती काळाने केवढे भूकंप होतात, अंतराबरोबर धक्का किती मंदावतो आणि इमारतीखालची माती कशी आहे, हे सर्व जमेस धरून ठरावीक मुदतीत ठरावीक जोराचा धक्का बसण्याचा संभव काढावयाचा. पन्नास वर्षांत शेकडा दहा संभव असलेल्या धक्क्याला ‘४७५ वर्षांचा भूकंप’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्याने पुष्कळ गैरसमज होतो. एकदा झाला की पुढची ४७५ वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही; तो उद्याही होऊ शकतो.

गणित कितीही चोख असले, तरी त्यात तुटींची यादी घालावी लागते, आणि दख्खनच्या पठारावर हीच यादी अपुरी आहे. लाव्ह्याखाली झाकलेल्या तुटी विमानातून दिसत नाहीत, चर खणावा तर कोठे, हेही कळत नाही. ह्या दृष्टीने कोयनेचा प्रदेश शास्त्रज्ञांना मोलाचा वाटतो. सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद एवढ्या लहानशा क्षेत्रात तेथे १९६० नंतरच्या काळापासून धक्के चालू राहिले आहेत, आणि ते फार खोल नाहीत. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने ह्या कामासाठी कऱ्हाड येथे प्रयोगशाळा काढली. २०१६-१७ मध्ये कोयनेजवळ गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे विवर खणण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा खडक ओलांडल्यावर खालचा ग्रॅनाइट लागला. तो तुटण्यापूर्वी काय काय होते, हे त्याच्या पोटातच यंत्रे ठेवून पाहावयाचे, असा हा प्रयत्न आहे.